कर्नाटकी बेंदूर: जोडी-गाडी-साज स्पर्धेत गुण कशाला द्यायचे?

वेदगंगा_काठ (निपाणी)

नमस्कार मंडळी.

करहुणवीच्या, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला होणाऱ्या कर्नाटकी बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) मिरवणुकीत आमच्याकडं 'उत्कृष्ट सजावट' म्हणून ढाल देतात. नंबर कुणाचा? ज्याच्या गाडीवर फुगे आणि लायटिंग जास्त त्याचा. बैलाचा खांदा सुजलाय का, जू वाकडं बसलंय का, वेसण कसली आहे, हे कुणी बघत नाही. यंदा मंडळानं ठरवलंय की जोडी, गाडी, साज आणि गाडीवान असं सगळं मिळून गुण द्यायचे आणि तक्ता महिनाभर आधी छापून वाटायचा.

हे सुचायला कारण म्हणजे परदेशातल्या जड घोड्यांच्या गाड्यांचे व्हिडिओ. शायर, क्लाइड्सडेल असले घोडे, सहा-सहा एका गाडीला, अंगावर काळं चकचकीत कातडं. त्यांचे परीक्षक गाडी उभी करून एकेक पट्टा हातानं चाचपून बघतात. आपल्या जोडीला तसं काही बसवता येईल का?

अडलंय ते सांगतो. १०० गुण कसे वाटायचे? लाकडी चाकाची गाडी आणि कारखान्याची टायरगाडी एकत्र बघायची की वेगळी? शिंगं रंगवलेली आणि साधी यांत फरक करायचा का? आणि त्या दिवशी पाऊस हमखास असतोय, त्याचं काय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

शिवळ_सापती (चिकोडी)

दादा, तक्ता करायलाच बसलात तर सुरुवात मानेपासून करा. झूल आणि गोंडे शेवटी.

जू वशिंडाच्या पुढं, मानेवर सपाट बसायला पाहिजे. परीक्षकानं जोडीसमोर दहा पावलांवर उभं राहायचं आणि जू जमिनीला समांतर आहे का तेवढंच आधी बघायचं. दोन बैलांच्या उंचीत दोन बोटांचा फरक चालून जातो. त्यापुढं गेला की जू बुटक्याकडं घसरत राहतंय आणि शिवळा (जुवातल्या मानेच्या बाजूच्या खुंट्या) मानेला घासायला लागतात. मिरवणुकीच्या तासाभरात ते दिसणार नाही, पण मानेच्या बाजूला केस गेलेली पट्टी असेल तर रोज काय चाललंय ते कळतंय.

मग जुंपणीची दोरी. ती जुवाच्या बरोबर मधोमध पाहिजे. ज्या बैलाकडं ती सरकेल त्याच्यावर ओढ जास्त. एक बैल कमजोर असला की गाडीवान मुद्दाम दोरी बोटभर ताकदीच्या बैलाकडं घेतो. शेतात ते शहाणपणाचं आहे, त्याला नावं ठेवू नका. स्पर्धेत मात्र त्याचा अर्थ जोडी जुळलेली नाही एवढाच, आणि तेवढे गुण जायलाच पाहिजेत.

सापतीखाली (जुवाला बांधलेल्या गळ्याखालच्या पट्ट्याखाली) चार बोटं सहज सरकली पाहिजेत. घट्ट सापती सपाट रस्त्यावर कळत नाही. चढाला किंवा मागून गाडीवर माणसं चढली की ती गळ्यात रुतते आणि बैल खोकायला लागतो.

खांद्यावर परीक्षकानं स्वतः तळहात फिरवायचा. गरम लागला, फुगीर लागला, ओलसर लागला तर जोडी बाहेर. त्यात घासाघीस नको. खांदेसूज बहुतेक वेळा खडबडीत जुवानं, ओल्या मानेवर जू ठेवल्यानं, नाहीतर बरेच दिवस बसवून ठेवलेल्या बैलाला एकदम जड कामाला जुंपल्यानं येते. ऊसवाहतूक संपल्यावर जे बैल दावणीलाच असतात त्यांचा खांदा मऊ पडलेला असतोय. त्यांना निदान पंधरा दिवस आधीपासून रोज थोडं, रिकाम्या गाडीला जुंपायला पाहिजे. आदल्या दिवशी हळद-लोणी लावून खांदेमळणी करतात ती चांगलीच, पण पंधरा दिवसांचं काम ती एका संध्याकाळीत करत नाही.

वेसण सुती. नायलॉनची वेसण ओढली की नाकपुडी कापते आणि घर्षणानं भाजतेही. नवीन वेसण आदल्या दिवशी घालू नका. निदान आठवडाभर आधी, तेलात बुडवून, गाठ नाकाच्या आत येणार नाही अशी. नाकातून रक्त किंवा पू दिसला तर खांद्यासारखंच, जोडी बाहेर.

आता जुळणी. लोक रंग आणि शिंगं बघून जोडी म्हणतात. उंची, छातीचा घेर, दात आणि चाल याही गोष्टी धरा. दोन दाती (तरुण) आणि जुळलेला (सगळे दात आलेला) बैल एकत्र जुंपला तर दिसायला कितीही सारखे असोत, वळणावर लहान मागं पडतोय. चाल बघायची तर बाजूनं बघा: पुढच्या पायाच्या खुणेवर किंवा तिच्यापुढं मागचा पाय पडतोय का, आणि दोघांची पावलं एकसारखी लांब आहेत का.

एक विनंती. परीक्षक खिल्लारच्या मापानं सगळ्यांना मोजतात. पांढरा रंग, मागं गेलेली लांब शिंगं, आवळ कातडी, हे खिल्लारचं. आपल्या भागात कृष्णाकाठी जातीचे बैलही आहेत. सांगलीच्या संस्थानिकांनी गीर, कांकरेज, ओंगोल यांचं रक्त मिसळून काळ्या रानाच्या जड कामासाठी तयार केलेले. शिंगं आखूड, अंग मोठं, गळ्याखाली पोळी लोंबती. त्याला 'शिंगं नाहीत' म्हणून मागं टाकायचं म्हणजे अन्याय आहे. जमलं तर दोन गट करा, नाहीतर 'आपल्या जातीला शोभणारा' असे शब्द तक्त्यात घाला.

लाकूड_लोखंड (संकेश्वर)

गाडीबद्दल लिहितो.

टायरगाडी वेगळीच ठेवा. लोखंडी साटा (गाडीचा सांगाडा), बेअरिंगचा आख (चाकांमधला दांडा), रबरी चाकं, ती ओढायला हलकी आणि तिला रंग मारला की झालं. लाकडी गाडी उभी करायला सुतार आणि लोहार दोघं लागतात. दोन्हींना एकाच रांगेत उभं केलं तर लाकडी गाडी पुढच्या वर्षी कोण आणणार? शर्यतीच्या छकड्याचा या स्पर्धेशी संबंधच नको. तो पळण्यासाठी हलका केलेला असतोय, मिरवणुकीला नाही.

लाकडी चाकात बघायचं ते हे. चाक हातानं आडवं हलवा. तुंबा (चाकाचा मधला ठोकळा) आणि आख यांत थोडी खेळ असतेच, पण खडखड वाजलं तर आतला नळा झिजलाय. मग आऱ्यांवर (चाकातल्या दांड्यांवर) एकेक करून हातोडीच्या दांड्यानं ठोका. घट्ट आरा टणक वाजतो, सैल आरा बद्द वाजतो. चैत्र-वैशाखात लाकूड आकसतं आणि धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल होते. पुष्कळजण आदल्या रात्री चाकं ओढ्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगून धाव घट्ट बसते खरी, पण ती चार दिवसांची सोय. वाळलं की परत सैल, आणि दरवर्षी तसं केलं तर आऱ्याचं टोक तुंब्यात कुजतं. योग्य काम म्हणजे धाव काढून, तोडून, थोडी कमी करून परत जोडायची आणि लाल करून बसवायची. ज्या लोहाराला हे येतं त्याला मे महिन्याच्या आधी गाठा, नंतर त्याला वेळ नसतोय.

चाकावर ऑइलपेंटचा जाड थर असेल तर नखानं जरा खरवडून बघायला परीक्षकाला मुभा ठेवा. रंगाखाली पुटी भरलेली भेग सापडते. वंगण आखाच्या टोकाला दिसलं पाहिजे, पण आऱ्यांवर उडालेलं नको. चाकाची खीळ दोन्हीकडं सारखी, आणि तारेनं बांधलेली चालणार नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती तोलात. दोन चाकांची गाडी उलाळ झाली म्हणजे मागं वजन गेलं, की जू वर उचलतंय आणि सापती गळ्याला लागते. मिरवणुकीत नेमकं हेच होतंय. पोरं मागून चढतात, कुणी मागं जनरेटर ठेवतो. उलट पुढं दाब जास्त झाला तर सगळं वजन मानेवर. तपासायची सोपी रीत: गाडीवान बसलेला, सजावट चढवलेली, बैल सोडलेले. एका माणसानं दांडीचं टोक एका हातानं उचलून धरायचं. उचलतं पण हाताला ओझं लागतं, एवढा तोल बरोबर. आपोआप वर येत असेल किंवा दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर गाडी परत भरायला लावा.

गाडीवर किती माणसं ते छापूनच टाका. गाडीवान आणि एक, बस्स. लाकडी गाडीला ब्रेक नसतोय. उताराला ती पुढं ढकलते, जू शिंगांच्या बुडाकडं सरकतंय आणि बैल मान वर करून गाडी पेलत उतरतो. तुमच्या मिरवणुकीच्या वाटेत उतार असेल तर दोन माणसं मागून दोरीनं गाडी धरायला पाहिजेत.

गोंडे_घुंगूर (अथणी)

वरच्या दोघांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण साजाला शेवटी बसवलंय ते काही पटलं नाही बघा. साज हा बैलाचा मान आहे. मात्र तो बसवायची रीत आहे, आणि ती न पाळणारे जास्त.

मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) आधी. कपाळावरची माथोटी डोळ्याच्या वर दोन बोटं थांबली पाहिजे. झिरमिळ्या डोळ्यावर लोंबल्या की बैल सारखा मान झटकतो आणि गाडीवान समजतो की बैल उधळायलाय. गोंडे लोकरीचे. प्लास्टिकची चमकी वाऱ्यावर फडफडते, तिला बैल बुजतात.

घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ सापतीच्या पुढं, वर घशाकडं बसवा. जुवाच्या खाली आली तर जू आणि मान यांच्यात चेपून जखम करते. गळ्यातला काळ्या लोकरीचा कंडाही तसाच. माळ पितळी असेल तर कमी घंटा, चांगल्या घंटा. वजन वाढवून शोभा वाढत नाही, मान खाली जाते. आवाज दोन्ही बैलांचा मिळता पाहिजे, म्हणून माळा जोडीनंच घ्या. चिंचलीच्या मायाक्काची यात्रा माघात असते, त्यात जनावरांच्या साजाची दुकानं लागतात. बेंदराच्या तोंडावर घेण्यापेक्षा तिथं निवांत वाजवून घेता येतंय. नवीन माळ दावणीलाच आठ दिवस आधी घाला. पहिल्यांदा गर्दीत घातली तर स्वतःच्याच आवाजाला बैल दचकतो.

शेंब्या (शिंगांवरची टोपणं): शिंगाच्या टोकाला आधी सुती चिंधी गुंडाळायची, त्यावर शेंबी फिरवून घट्ट करायची. हातोडीनं ठोकू नका, टोक चिरतं. शिंगाला भोक पाडून खिळा मारणाऱ्याला तर स्पर्धेतच घेऊ नका. दोन्ही शेंब्या सारख्या वजनाच्या.

झूल खांद्यावर येता कामा नये. तिची पुढची कड वशिंडाच्या मागं थांबते. वशिंडाला जागा सोडून शिवलेली झूल चांगली, नाहीतर चालताना ती पुढं सरकते आणि घडी जुवाखाली जाते. बांधायच्या नाड्या पोटाखाली, गाठ बाजूला. शेपटीला गोंडा बांधायचा तर केसांना बांधा, हाडाला नाही. हाडाला आवळलेली दोरी संध्याकाळपर्यंत सूज आणते. पायातले तोडे आणि काळे दोरे बोट जाईल इतके सैल, कारण लोकर भिजली की आवळते.

आता पाऊस. ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे बहुतेक वर्षी मिरग लागून गेलेला. लाल आणि निळ्या लोकरीचा रंग पांढऱ्या खिल्लारच्या अंगावर उतरला की चार दिवस जात नाही. नवीन गोंडे, झूल, पट्टे आधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग सुटतोय असं दिसलं तर तीन-चार पाण्यांतून काढा, सावलीत वाळवा. तरी सुटत असेल तर तो माल करहुणवीला नको, आषाढातल्या महाराष्ट्री बेंदरालाही नको. कागल बाजूच्या पाहुण्यांना उसना देऊन त्यांचा बैल रंगवण्यात काय अर्थ? भिजलेली झूल तशीच अंगावर ठेवू नका, वजन दुप्पट होतंय. गुलाल शिंगापर्यंतच. डोळ्यात गेला तर पाण्यानं धुवा, चोळू नका.

अंग धुवायला कपड्याची पावडर वापरतात ते बंद करा. रिठा किंवा साधा अंगाचा साबण पुरतो. शेणाचे पिवळे डाग मांडीवर असतात, ते आधी कोमट पाण्यानं भिजवून ठेवायचे आणि मग घासायचे. नीळ घालायची तर बादलीत नावाला, जास्त झाली की उन्हात बैल निळसर दिसतो आणि परीक्षकाला लगेच कळतंय. तेल चोपडून चमक आणणाऱ्यांच्या बैलावर गावातली सगळी धूळ बसते. खरी चमक महिनाभराच्या खराऱ्यानं येते.

वेदगंगा_काठ (निपाणी)

खूप उपयोगी, आभारी आहे. अण्णा, शिंगांच्या रंगाचं राहिलं की ओ. साळून (तासून), हिंगूळ लावून, बेगड चिकटवलेली शिंगं आमच्याकडं अर्ध्याहून जास्त असतात. बंदी घातली तर लोक येणारच नाहीत.

आणि घोड्यांचं कुणाला माहीत असेल तर लिहा.

खरारा_रोज (खानापूर)

बंदी नको, पण साळण्याला गुण अजिबात नकोत. शिंग म्हणजे वरचं कवच, आत जिवंत गाभा. बुडाकडं कवच पातळ असतं. काचेनं किंवा रापीनं तासून तासून गुळगुळीत केलेलं शिंग दिसायला छान, पण कवच दरवर्षी पातळ होत जातं, बुडाला खरचटून रक्त येतं आणि तिथं माशी बसून जखम चिघळते. आपल्याकडच्या लांब शिंगांच्या बैलांत शिंगाचा कर्करोग होतो, शिंगाला वारंवार होणारी इजा त्याला निमित्त ठरते असं पशुवैद्य सांगतात. एक शिंग कलायला लागलं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण येऊ लागली, बैल ते शिंग खांबाला घासू लागला, तर रंगाचा विचार सोडून दवाखाना गाठा.

रंग लावायचाच तर दोन गोष्टी. बुडाकडची चार बोटं जागा कोरी ठेवा, कातडीला रंग लागता कामा नये. आणि लावायचा दोन दिवस आधी. सकाळी लावून दुपारी जुंपलं तर ओला रंग जोडीदाराच्या तोंडाला आणि झुलीला लागतो. पाण्याचा रंग किंवा गेरू उत्तम. पावसात जातो ही तक्रार खरी, मग ऑइलपेंटपेक्षा पितळी शेंब्या आणि स्वच्छ पुसून किंचित तेल लावलेलं शिंग बरं. जुना रंग काढायला थिनर वापरणारे आहेत. त्याचे ओघळ डोळ्यात जातात.

खुरांबद्दल कुणी लिहिलं नाही. पत्र्या (खुराचे लोखंडी नाल) मारायच्या त्या आठ दिवस आधी. एका बैलाला आठ पत्र्या, प्रत्येक पायाला दोन. खिळा आत लागला असेल तर दोन-तीन दिवसांत बैल लंगडतो, म्हणून हा अवधी. झिजून गुळगुळीत झालेली पत्री ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर घसरते. तुमच्या गावात सिमेंट झालं असेल तर रिंगण मातीवर घ्या.

आणि पोटाचं. त्या दिवशी पुरणपोळ्या, खिचडा, कणकेचे गोळे, सगळं घर बैलाला भरवतं. रोज कडबा खाणाऱ्या पोटात एकदम पिठूळ आणि गोड जास्त गेलं की आंबतं, पोट फुगतं, बैल रवंथ थांबवतो. नैवेद्य म्हणून एक-दोन पोळ्या ठीक. बाकी नेहमीची वैरण आणि भरपूर पाणी. मिरवणुकीच्या आधी दोन तास तर आंबोण (पेंड-भरड) देऊच नका. डाव्या बाजूची भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) फुगून टणक झाली असेल तर डॉक्टरला फोन, घरच्या बाटलीतलं तेल घशात ओतत बसू नये. उलटं श्वासनळीत जातं.

कायद्याचं थोडक्यात. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत टोकदार काठीला मनाई आहे, म्हणजे खिळ्याची पराणी बंद. पारा ३७ अंशांच्या वर जातो अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. पाऊस लांबला तर अथणी-रायबागकडं हे लागू पडेल, म्हणून वेळ चारच्या पुढची ठेवा. संध्याकाळी कर (वेशीत बांधलेलं तोरण) तोडायला बैल पळवणार असाल तर तो भाग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १८ मे २०२३ ला जनावरांच्या शर्यती-खेळांना मुभा देणाऱ्या तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या कायद्यातल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या, पण परवानगी आणि अटी आहेतच. ढालीच्या स्पर्धेत पळवणं मिसळू नका.

टाप_टांगा (बेळगाव)

घोड्यांचं विचारलंय म्हणून.

क्लाइड्सडेल स्कॉटलंडचा, शायर इंग्लंडचा, पर्चेरॉन फ्रान्सचा, आणि बेल्जियन नावाप्रमाणंच. हे घोडे खांद्यानं ओढतात, बैलासारखं मानेच्या वरून नाही. म्हणून त्यांच्या गळ्यात भरीव गादीची कातडी कॉलर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांना ओढीच्या साखळ्या किंवा पट्टे. परीक्षक काय चाचपतो? कॉलरचं खालचं टोक आणि श्वासनळी यांच्यात उताणा तळहात जातो का. सापतीखालच्या चार बोटांचाच हा प्रकार.

आयाळीत रंगीत फिती गुंफून वर तुरे उभे करतात, शेपूट वर बांधतात. शेपूट बांधण्यामागं कारण साधं, मोकळी लांब शेपूट लगामाखाली अडकली की घोडा लाथा झाडतो. क्लाइड्सडेल आणि शायरच्या पायावर लांब पांढरे केस असतात, ते धुऊन लाकडाचा बारीक भुसा लावून वाळवतात आणि मग झटकून ब्रश करतात. ही युक्ती चिखलात भिजलेल्या पांढऱ्या पायांना आपल्याकडंही चालेल. भुसा कोरडा आणि बिनरंगाच्या लाकडाचा घ्या.

सहा घोड्यांच्या गाडीत तीन जोड्या. गाडीलगतची जोडी सगळ्यात जड आणि शांत, कारण दांडी वळवणं आणि गाडी रोखणं तिच्यावर. सगळ्यात पुढची चपळ आणि दिसायला उठावदार. यातलं आपल्याला उपयोगाचं एकच: तिथं जनावरांना उभं राहायला येतं का यालाही गुण असतात. दोन मिनिटं जागेवर न हलता उभी राहिलेली जोडी आपल्याकडं कुणी मोजतच नाही.

लंडनमध्ये गाडीच्या घोड्यांची मिरवणूक १८८५ मध्ये सुरू झाली ती गाडीवानांनी आपल्या जनावरांची नीट देखभाल करावी म्हणूनच. तुमच्या मंडळाचा विचार त्याच वाटेवरचा आहे.

शिवळ_सापती (चिकोडी)

मग आकडे लिहून टाकतो, पटलं तर घ्या. अंग, खांदा, खूर मिळून ३०. जुळणी २०. जू, सापती, वेसण, कासरा नीट बसण्याला १५. गाडीला १५. उभं राहणं, चाल आणि वळण १०. साजाला १०.

आधी खांदा, नाक, पाय तपासून मगच रिंगणात सोडा. बाहेर काढायच्या जोड्या तिथंच बाहेर निघतात आणि नंतर भांडण होत नाही. गाडीवान धोतर-फेट्यात असला तर चांगलं दिसतंय, पण कपड्याला गुण नकोत. चाबूक हातात असला तरी चालेल, मारला की प्रत्येक फटक्याला दोन गुण वजा. शेपूट पिरगळली तर पाच.

गोंडे_घुंगूर (अथणी)

साजाला १० फारच कमी होतात हो. १५ करा, गाडीचे १० करा.

लाकूड_लोखंड (संकेश्वर)

गाडीचे कमी केले तर लोहाराकडं कोण जाणार अण्णा? जुळणीतून पाच काढा. रंग आणि शिंगं जुळवायला लोक नाहीतरी पैसे मोजतातच.

वेदगंगा_काठ (निपाणी)

जुळणी १५, साज १५ असं मंडळापुढं ठेवतो. रिंगणाला जागा किती लागेल आणि मागं सरकवायला लावायचं का, तेवढं सांगा.

लाकूड_लोखंड (संकेश्वर)

एका वेळी एकच गाडी घेतली तर शंभर फूट लांब, साठ फूट रुंद जागा पुरते. सरळ चाल, एक वळण डावीकडं, एक उजवीकडं. वळताना आतला बैल जवळजवळ जागेवर पाय टाकतो आणि बाहेरचा फिरतो, त्यामुळं शिकलेली जोडी तिथंच ओळखू येते. डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुंपून आणलेला असेल, शिंगांची कमान चांगली दिसावी म्हणून असं करतात, तर तोही वळणालाच उघडा पडतोय.

मागं सरकवायचं तर रिकामी गाडी आणि तीनच पावलं. बैलगाडीला घोड्यासारखा मागचा पट्टा नसतो, सगळा भार सापतीवरून गळ्याला येतो. चौथ्या पावलाला बैल मान फिरवतोय आणि दांडी वाकडी होऊन शिवळ मोडते. दोन जादा शिवळा आणि एक सापती मंडळानं टेबलावर ठेवा.